नळीतलं मीठ

“काच पुसायचं निळं पाणी मार, अमोनियानं बारुदाचं आम्ल मरतं.” जुन्या लष्करी रायफली घेऊन हरणाच्या शिकारीला जाणारे अमेरिकन, गोळ्या झाडल्यावर नळी गंजू नये म्हणून, एकमेकांना हा सल्ला देत आलेत. उपाय लागू पडतो, कारण मात्र साफ चूक.

दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि पुन्हा सोव्हिएत संघ फुटल्यावर, जर्मन माउझर, रशियन मोसिन-नागां, आपल्या पोलिसांमुळे ओळखीची थ्री-नॉट-थ्री अशा रायफली तिकडे स्वस्तात विकल्या गेल्या. हरणावर लष्करी गोळी मात्र अनेक राज्यांत चालत नाही. पूर्ण कवचाची गोळी आरपार जाते, जनावर जखमी होऊन पळतं. तिथं लागते आत फुलणारी गोळी, म्हणजे १८९९ साली हेगमध्ये युद्धापुरती निषिद्ध ठरलेल्या आपल्या कोलकात्याजवळच्या दमदमच्या गोळीची बहीण. जुनी काडतुसं उरतात नेम जुळवण्यापुरती. गोम तिथेच आहे.

काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते. जुन्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. शाळेत मँगनीज डायऑक्साइड घालून ज्यातून ऑक्सिजन काढतात तेच. ऑक्सिजन जळण्यात खपतो, उरतं पोटॅशियम क्लोराइड. आम्ल वगैरे काही नाही, चक्क मीठ. ते नळीभर बसतं. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास गेली की हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. त्यात नोव्हेंबरच्या गारठ्यातून रायफल उबदार घरात आणली, की फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा तिला घाम फुटतो. खारट पाण्यातून आयन सहज फिरतात. मग पोलादाच्या एका ठिपक्यावर लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं, शेजारच्या ठिपक्यावर ऑक्सिजन ते उचलतो. नळीत लाखो चिमुकले विद्युतघट! वर क्लोराइड आयन पोलादावरचा ऑक्साइडचा पातळ पापुद्रा फोडतात, त्यामुळे गंज नुसता पसरत नाही, खड्डे पाडत आत उतरतो.

तेल लावून भागत नाही. लोणच्यातलं मीठ वरच्या तेलात उतरत नाही, खाली खारातच राहतं. तसंच इथं मीठ तेलाखाली सुखरूप. पाण्याचं बघा: १०० मिलिलिटरमध्ये २० अंशाला हे मीठ सुमारे ३४ ग्रॅम विरघळतं, उकळत्यात ५६. ब्रिटिश शिपाई नरसाळं लावून नळीत उकळतं पाणी ओतायचे ते उगाच नाही. तापलेली नळी आपली आपण वाळतेही. त्या निळ्या बाटलीतही बहुतांश पाणीच असतं, काम तेच करतं. अमोनियाचा मिठावर काडीचा परिणाम नाही.

धुऊन, कोरडी चिंधी फिरवून मग तेल. बोल्टचं, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याचं, तोंड मात्र बरेच जण विसरतात, आणि टोपी फुटते ती नेमकी त्याच्यासमोर.