मठात मौनाची शपथ असते का?

“कॅथलिक मठवासी आजन्म मौनाची शपथ घेतात, मग अक्षरही बोलत नाहीत,” हा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. काही मठांत खुणांची भाषा खरंच रूढ होती, त्यामुळे असं वाटणं स्वाभाविक आहे.

पण सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं मठवासींसाठी लिहिलेली, अनेक कॅथलिक मठ ज्यावर चालतात ती नियमावली उघडून पाहा. तिची भाषांतरं इंटरनेटवर फुकट मिळतात. अध्याय ५८ मध्ये वचनं तीनच: त्याच मठात टिकून राहणं, मठाची जीवनरीत पाळणं आणि आज्ञापालन. मौन त्यात नाही. ते येतं सहाव्या अध्यायात, आणि तिथंही भर आहे तो कमी आणि जपून बोलण्यावर. जेवताना एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. काही हवं असलं तर खुणेनं मागायचं (अध्याय ३८). खुणांचं मूळ बहुधा इथंच असावं.

उलट याच नियमावलीनुसार मठवासींनी आठवड्याला बायबलमधली सगळी १५० स्तोत्रं म्हणायची, तीही एकत्र, आवाजात! शांतता त्या शब्दांना मुरायला जागा देते, निदान मला तरी तसं वाटतं.

सर्वांत कडक मौन रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतरचं. पण पाहुणा आला, तर तेव्हाही बोलायची मुभा आहे (अध्याय ४२).