डिफरन्शियलचे तेल बदलणे (कोल्हापूर परिसर)

ज्या गाडीला मागची चाके ओढतात तिच्या मागील अ‍ॅक्सलच्या मध्यावर डिफरन्शियलची जी फुगीर पेटी असते, तिच्यातले जुने गिअर ऑइल काढून नवे भरण्याचे काम. कोल्हापुरात गॅरेजवाले या पेटीला हाऊसिंग म्हणतात, आतल्या दातेरी जोडीला क्राऊन-पिनियन (मोठे चक्र क्राऊन, त्याला फिरवणारे छोटे पिनियन). बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, ट्रॅक्स, ईको, छोटा हत्ती या गाड्यांना हे काम लागते. स्विफ्ट, आल्टो यांसारख्या पुढची चाके ओढणाऱ्या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्समध्येच असते आणि दोहोंचे तेल एकच, त्यामुळे तिथे वेगळा तेलबदल नाही. अशा गाडीखाली शिरून ही पेटी शोधणारे लोकही असतात.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना शक्ती देऊनही त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणे हे डिफरन्शियलचे काम. फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर याने वाफेच्या गाडीसाठी त्याचे पेटंट १८२७च्या सुमारास घेतले. आजच्या बहुतेक गाड्यांत पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो. या हायपॉइड रचनेत दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. म्हणून साधे तेल इथे टिकत नाही. गंधक-फॉस्फरसयुक्त, जीएल-५ दर्जाचे (जीएल ही गिअर ऑइलची प्रतवारी) तेल लागते. या तेलाच्या उग्र वासाचे कारण हेच. तेलाचा दाटपणा ८०डब्ल्यू-९० हवा की ७५डब्ल्यू-९०, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे, दुकानदाराला विचारून ठरवू नये. गिअरबॉक्ससाठी जीएल-४ सांगितले असेल तर उरलेले जीएल-५ तिथे ओतणेही चूक, कारण ते आतल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्यांना) बाधू शकते.

किती किलोमीटरला तेल बदलायचे हे कंपनी ठरवून देते. कोल्हापूरकडे मात्र दोन गोष्टी हा हिशेब मोडतात. पहिली घाट. गुळाच्या रव्यांनी (ढेपांनी) भरलेली पिकअप करूळ किंवा आंबा घाट चढते-उतरते तेव्हा क्राऊन-पिनियनवर सपाटीच्या रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त ताण येतो आणि तेल तापून लवकर थकते. दुसरी आणि अधिक घातक गोष्ट पाणी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये नदी याच्या कितीतरी वर गेली, शाहूपुरी-व्हीनस कॉर्नरपर्यंत पाणी आले, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. धावून तापलेला अ‍ॅक्सल अचानक गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (पेटीतली हवा आत-बाहेर होण्याच्या छोट्या वाटेतून) किंवा सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. गाडी चालू राहते, आवाजही येत नाही. आत मात्र बेअरिंगांना गंज धरू लागतो. म्हणून पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाडीचे तेल तपासायला किलोमीटर मोजत बसू नये. तेल दुधाळ चहासारखे दिसले तर ते त्याच दिवशी बदलायचे आणि ब्रीदर चिखलाने बुजलेला नाही ना, हेही पाहायचे.

कामाआधी गाडी थोडी फिरवून आणावी. कोमट तेल तळापर्यंत निथळते. जागा सपाट हवी, उतारावर पातळी चुकते. जीपवर्गातल्या गाडीखाली बहुधा जॅक न लावताच शिरता येते आणि तेच बरे. गाडी उचलावीच लागली तर खाली घोड्या (जॅक स्टँड) लावाव्यात. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली झोपू नये. तेल भरायचा बोल्ट पेटीच्या बाजूला असतो, तेल काढायचा तळाशी. भरायचा आधी सैल करावा. या क्रमाला अपवाद नाही. खालचा उघडून तेल सांडले आणि वरचा गंजून बसलेला निघाला, की गाडी जागेवरून हलवता येत नाही. झिजलेल्या डोक्याचा बोल्ट किंवा गेलेले आटे यांवर शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये इलाज होतो, पण तिथवर गाडी चालत जायला हवी.

खालच्या बोल्टला अनेकदा चुंबक असतो. त्यावर करडा, मलमासारखा थर असणे नेहमीचे. तो बोटांत चोळला तर खडे लागत नाहीत. नखात धरता येईल असा तुकडा किंवा दाताचा कोपरा निघाला, तर तेल बदलून भागणार नाही, हाऊसिंग उघडावेच लागेल. बोल्ट पुसून, वॉशर असल्यास नवा टाकून घट्ट करावा.

वरचे भोक आडवे असल्याने नवे तेल हातपंपाने किंवा नळी लावलेल्या पिळायच्या बाटलीने भरतात. भोकाच्या खालच्या काठावरून तेल ओघळू लागले की पुरे. जास्त भरले तर फेस होतो, दाब वाढतो आणि सीलमधून झिरपलेले तेल मागच्या ब्रेकच्या लायनरवर जाऊ शकते. ब्रेक लागेनासे होण्याचे हे एक कारण असते. तेल कमी पडले तर वेग घेताना मागून घोंगावल्यासारखा आवाज येऊ लागतो आणि तोवर दातांचे नुकसान झालेले असते.

वापरलेले तेल २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. शहरातल्या गटारात ओतलेले तेल जयंती नाल्यावाटे पंचगंगेत पोहोचू शकते. झाकणाच्या डब्यात भरून ते जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे.