बसलेल्या विमानांची यादी आणि मोठा होत गेलेला पंखा

मागे मुंबईहून सिंधुदुर्गातल्या चिपीला जाताना एटीआर ७२ होतं, दोन प्रोपेलरचं छोटं विमान. बसमधून उतरून विमानाकडे चालत निघालो तर पुढचे एक काका काकूंना म्हणाले, "बघ, पंख्याचं विमान दिलंय, जुनं. चांगली जेट दिल्लीला, आणि कोकणाला हे असलं." काकूंनी लगेच हात जोडले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, काका, हे ७२-६०० आहे, हे मॉडेल २०११ साली आलं, आणि तुम्ही ज्याला चांगलं जेट म्हणताय ना तेसुद्धा बरचसं पंख्याचंच विमान असतं, दर नव्या मॉडेलला तर ते आणखीच पंख्याचं होत चाललंय. काका म्हणाले, "कसं काय?" तेवढ्यात जिना आला आणि बोलणं तिथेच थांबलं. ते तेव्हा राहिलेलं उत्तर आज सविस्तर लिहितेय.

आम्ही विमानवेडे दोघं भेटलो की तिसऱ्या मिनिटाला प्रश्न येतोच, तू आत्तापर्यंत कशाकशात बसलायस? मग वह्या निघतात, हल्ली मोबाईलमधल्या एक्सेल शीट. तारीख, रूट, सीट नंबर, व्हीटी ने सुरू होणारं रजिस्ट्रेशन (विमानाचा नंबर, व्हीटी म्हणजे भारतातलं) आणि टाइप, म्हणजे मॉडेल. खरे वाद टाइपवरून होतात. एअरबसचे ए३१९, ए३२०, ए३२१ तीन धरायचे की एक? पायलटला विचाराल तर एकच, कारण एकाच टाइप रेटिंगवर, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाच्या परवान्यावर, तो तिन्ही उडवतो. बोइंगचं ७५७ सडपातळ आणि ७६७ चांगलं रुंद, दोन वाटा असलेलं, तरी त्यांचंही रेटिंग सामाईक. माझा स्वतःचा नियम वेगळा आहे, इंजिन बदललं की मी नवीन नोंद करते. त्यामुळे माझी यादी वरून खाली वाचली की ती खरं म्हणजे इंजिनांची यादी होते आणि तिच्यात एकच गोष्ट सरळ दिसते, पुढचा पंखा मोठा होत गेलाय. (पंख आणि पंखा यात गोंधळ नको म्हणून इथून पुढे पंखाला विंग म्हणते.)

पहिली नोंद १९९४, मुंबई-औरंगाबाद, बोइंग ७३७-२००. बाबांच्या कामाला जोडून मीही गेले होते. विंगच्या खाली अगदी चिकटून सिगारसारखी लांबुडकी नळी, ते जेटी८डी इंजिन. पुढून बघितलं तर पंख्याचा व्यास जेमतेम एक मीटर. टेकऑफला जाड कापड टराटरा फाडावं तसा आवाज, आणि उतरल्यावर नळीच्या मागचे दोन दरवाजे उघडून झोत पुढे फिरवायचे, ते खिडकीतून बघून मी बाबांचा दंड घट्ट धरला होता. मग २००० साली दिल्लीला जाताना ए३००, ते मोठं इंजिन बघून हे काहीतरी वेगळंच आहे असं वाटलेलं. मग इंडियन एअरलाइन्सची जुनी ए३२०, जिच्या मागच्या प्रत्येक पायाला दोनऐवजी चार चाकं होती, कमी ताकदीच्या रनवेवर वजन पसरावं म्हणून, असलं ए३२० त्यांच्याशिवाय कुणी मागवलं नाही त्यामुळे ती नोंद ज्याच्याकडे आहे तो ती आधी सांगतो. आणि २००२ ला लंडनला जाताना ७४७-४००. एअर इंडियाचं त्यातलं शेवटचं विमान २२ एप्रिल २०२४ ला मुंबईहून निघालं आणि उडाल्यावर विंग हलवून निरोप देऊन गेलं, तो व्हिडिओ मी कितीवेळा बघितला असेल सांगता येत नाही, दरवेळी डोळे भरून येतात.

पण आता पंख्याकडे.

शाळेत न्यूटनचा तिसरा नियम शिकलो, हवा मागे ढकलली की विमान पुढे जातं. बरोबर आहे. पण हवा ढकलायच्या दोन पद्धती आहेत. चुलीपुढची फुंकणी आठवा, थोडीशी हवा पण जोरात. आणि खळ्यात वारं पडलं की धान्य उपणायला सुपाने वारा घालतात तो आठवा, हवा भरपूर पण सावकाश. ७३७-२०० चं इंजिन फुंकणीच्या बाजूचं आणि आजचं इंजिन सुपाच्या बाजूचं.

सुपात फायदा काय ते आकड्यात बघू. समजा तुम्ही मालवणला एका होडीत बसलाय, वल्हं नाही, दगड आहेत. १० किलो दगड सेकंदाला १०० मीटर वेगाने मागे फेकला तर होडीला मिळणारा धक्का, म्हणजे संवेग, १० गुणिले १०० बरोबर १०००. त्याऐवजी १०० किलो दगड सेकंदाला १० मीटर वेगाने फेकला तरी संवेग १०००, म्हणजे धक्का अगदी तेवढाच. आता खर्च बघा. गतिज ऊर्जा म्हणजे अर्धं गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. पहिल्या वेळी ५० हजार जूल, दुसऱ्या वेळी ५ हजार. धक्का तोच, खर्च दहावा हिस्सा! वेगाचा वर्ग होतो आणि वस्तुमानाचा होत नाही, एवढ्या एका गोष्टीवर गेल्या साठ वर्षांचं जेट इंजिन उभं आहे, आणि मला हे गणित कितीही वेळा केलं तरी कंटाळा येत नाही.

म्हणून इंजिनवाल्यांनी काय केलं, मधे जळणाचा गाभा ठेवला आणि त्याच्या पुढे एक मोठा पंखा बसवला. पंख्यातून आत येणारी थोडी हवा गाभ्यात जाते, तिथे दाबली जाते, तिच्यात इंधन जळतं, ती मागची टर्बाइन, म्हणजे पात्यांचं चाक, फिरवते आणि त्याच टर्बाइनच्या दांड्यावर पुढचा पंखा फिरतो. बाकीची हवा गाभ्यात जातच नाही, बाहेरून वळसा घालून मागे जाते. वळशाने गेलेली हवा भागिले गाभ्यातून गेलेली हवा, याला बायपास रेशो म्हणतात. जेटी८डी चा साधारण १, निम्मी हवा आत निम्मी बाहेर. ७४७ च्या इंजिनांचा ५ च्या आसपास. जुन्या ए३२० वरच्या व्ही२५०० आणि सीएफएम५६ या इंजिनांचा साडेपाच-सहा. आणि हल्लीच्या ए३२० निओचा, म्हणजे नव्या इंजिनाच्या ए३२० चा, इंजिन कुठल्या कंपनीचं आहे त्यावर, ११ किंवा १२. म्हणजे तुम्ही परवा निओने नागपूरला गेलात तेव्हा आगीतून गेलेली हवा एक भाग होती आणि नुसत्या पंख्याने ढकललेली ११-१२ भाग. मग ते पंख्याचं विमान नाही तर काय?

इथे एक सूत्र लिहिते, झोताला दिलेल्या ऊर्जेतली किती विमान पुढे न्यायला कामी आली ते सांगणारं. प्रोपल्शनची कार्यक्षमता = २ ÷ (१ + झोताचा वेग ÷ विमानाचा वेग). विमान सेकंदाला २३० मीटरने चाललंय आणि झोत ६०० मीटरने निघतोय असं धरलं तर उत्तर येतं ०.५५, म्हणजे जवळजवळ निम्मी ऊर्जा मागे हवा ढवळण्यात गेली. झोत ३०० वर आणला तर ०.८७. एटीआरचा प्रोपेलर विमानाच्या वेगापेक्षा थोड्याच जास्त वेगाने हवा मागे टाकतो, विमान १४० आणि हवा १६० धरा, ०.९३. काकांच्या जुन्या पंख्याचा नंबर पहिला आला.

आवाजाचंही तेच. झोत बाहेरच्या शांत हवेत घुसतो तेव्हा जो आवाज होतो तो झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढतो, हे लाइटहिल या शास्त्रज्ञाने १९५२ मध्ये मांडलं. आठवा घात म्हणजे वेग निम्मा केला की त्या आवाजाची ताकद २५६ पटीने खाली. माझ्या १९९४ च्या फाटणाऱ्या कापडाचं आणि आजच्या निओच्या हळू घुमण्याचं कारण बरचसं यात आहे.

मग प्रश्न येतो की पंखा सरळ दहा मीटरचा का नाही करत. एक म्हणजे जागा. ७३७ मुळात त्या बारीक नळ्यांसाठी जमिनीलगत बांधलेलं, नंतर मोठं इंजिन लावताना त्याची खालची बाजू चपटी करावी लागली, पुढून बघा, तोंड गोल नाही. दुसरं कारण जास्त मजेचं आहे, पंख्याच्या पात्याचं टोक. व्यास वाढला की तेवढ्याच फेऱ्यांत टोकाला जास्त अंतर कापावं लागतं. व्ही२५०० चा पंखा १.६१ मीटरचा, टेकऑफला मिनिटाला साडेपाच हजारांच्या आसपास फेऱ्या, गुणाकार करा, टोकाचा वेग सेकंदाला साडेचारशे मीटरच्या वर येतो. आवाजाचा वेग ३४० आहे. म्हणजे विमान रनवेवर असताना पात्यांची टोकं सुपरसॉनिक झालेली असतात आणि प्रत्येक पात्यापुढे एक छोटी शॉकवेव्ह, म्हणजे एकदम वाढलेल्या दाबाची लाट, असते. जुन्या ए३२० मध्ये इंजिनाच्या पुढच्या सीटवर बसलात तर टेकऑफला लाकूड कापायच्या करवतीसारखी घरघर येते ती हीच, आम्ही तिला बझसॉ म्हणतो, आणि तिच्यासाठी मुद्दाम पुढची खिडकी मागून घेतो. कुणी शेजारी घाबरलं तर सांगायला बरं पडतं की काही बिघडलेलं नाही.

म्हणजे पंख्याला सावकाश फिरायचं असतं. पण मागच्या टर्बाइनला जोरात फिरायचं असतं, तरच ती लहान आणि हलकी राहून पूर्ण काम देते. आणि दोघं एकाच दांड्यावर! एक बैल धावणारा आणि एक रेंगाळणारा अशी जोडी एका जुवाला. याचा उपाय म्हणजे मधे गिअरबॉक्स. प्रॅट अँड व्हिटनीने पीडब्ल्यू११००जी मध्ये तो घातला, साधारण तीनास एक, टर्बाइन मिनिटाला दहा हजारांच्या आसपास आणि २.०६ मीटरचा पंखा सव्वातीन हजार. इंडिगोने मार्च २०१६ मध्ये भारतातलं पहिलं ए३२० निओ आणलं ते याच इंजिनाचं. पुढे २०२३ मध्ये ही इंजिनं तपासणीसाठी उतरवावी लागली आणि ढीगभर विमानं उभी राहिली, तेव्हा माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी "तो गिअरबॉक्सचा प्रयोग फसला" असं ठरवून टाकलं. तसं नव्हतं. दोष काही डिस्कच्या, म्हणजे पाती बसवायच्या चकत्यांच्या, धातूच्या भुकटीत होता, गिअरबॉक्स त्यात नव्हता.

आणि गिअरबॉक्स नवीनही नाही, एटीआरमध्ये तो पहिल्यापासून आहे. तिथे टर्बाइन मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फिरते आणि ३.९३ मीटरचा सहा पात्यांचा प्रोपेलर १२००. टोकाचा वेग निघतो सेकंदाला साधारण २४७ मीटर, जमिनीवर असताना आवाजापेक्षा बराच कमी. शिवाय ती टर्बाइन गाभ्याच्या दांड्याला जोडलेलीच नसते, नुसत्या गरम वाऱ्यावर फिरते. म्हणून बोर्डिंग चालू असताना उजवं इंजिन सुरू ठेवून त्याचा प्रोपेलर ब्रेक लावून थांबवता येतो, वीज आणि एसी चालू आणि पाती गपगार. याला हॉटेल मोड म्हणतात.

तर मग सगळीकडे प्रोपेलरच का नाही? वेगामुळे. एटीआर ताशी ५०० किमीच्या आसपास उडतं. जेटच्या ८३०-८५० ला उघड्या पात्यांच्या टोकाला स्वतःचा फिरण्याचा वेग अधिक विमानाचा वेग असं दोन्ही मिळून सोसावं लागतं. इंजिनाभोवतीचं कवच ही अडचण सोडवतं, त्याचं तोंड अशा आकाराचं असतं की हवा पंख्यापर्यंत पोचेपर्यंत मंदावते. ७८७ मध्ये बसलात तर याच कवचाची मागची कड करवतीच्या दातांसारखी दिसेल, ते दात आतली आणि बाहेरची हवा हळूच मिसळून आवाज आणखी कमी करायला आहेत. ७७७-३००ईआर वर तर पंखाच सव्वातीन मीटरचा आहे, आणि ७३७ च्या केबिनची आतली रुंदी साधारण साडेतीन!

एवढ्या मोठ्या तोंडात काही जाऊ नये म्हणून रनवेवरचा खडासुद्धा उचलतात. २०१७ मध्ये शांघायला ८० वर्षांच्या एका आजींनी प्रवास सुखरूप व्हावा म्हणून विमानात चढताना इंजिनाच्या दिशेने नाणी टाकली, एक आत गेलं, सगळ्यांना उतरवून इंजिन तपासावं लागलं आणि विमान काही तास लेट झालं. आजींवर रागवून उपयोग नाही, पण सुरक्षिततेसाठी केलेल्या त्या एका कृतीनेच तिथे खरा धोका निर्माण झाला हे घरातल्या मोठ्यांना नीट समजावून सांगायला हवं. "आता लवकरच मोठी विमानं बॅटरीवर" अशा बातम्यांबद्दलही नीट सांगायला हवं, एक किलो विमानाच्या इंधनात साधारण १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते आणि एक किलो लिथियम बॅटरीत पाव किलोवॅट-तासाच्या आसपास, बॅटरीच्या मोटरची कार्यक्षमता जास्त धरली तरी मुंबई-दिल्ली ए३२० तिच्यावर जात नाही.

खरी बातमी वेगळीच आहे. सीएफएम या इंजिन कंपनीने २०२१ मध्ये राइज नावाचा प्रोजेक्ट जाहीर केला, कवच काढून टाकलेला मोठा उघडा पंखा, मागे न फिरणारी पाती, वेग जेटचा. १९८६ मध्ये जीई या इंजिन कंपनीने बोइंग ७२७ वर असा उघडा पंखा उडवून बघितला होता, पण इंधन स्वस्त झालं आणि ते मागे पडलं. आता पातं कॉम्प्युटरवर नीट घडवता येतं, कार्बन फायबर आहे, गिअरबॉक्स आहे. २०३० च्या दशकाच्या मध्यावर यायचं म्हणतायत.

माझ्या वहीत कॉन्कॉर्ड, ते आवाजापेक्षा वेगाने जाणारं प्रवासी विमान, नाही. बायपास रेशो शून्य, नुसती फुंकणी, २००३ मध्ये ते थांबलं आणि ती नोंद कायमची राहून गेली. यादीच्या दुसऱ्या टोकाला मात्र एक ओळ मोकळी सोडलीय, टाइपच्या रकान्यात पेन्सिलने "उघडा पंखा" लिहिलंय. सीट खिडकीची, विंगच्या थोडी मागे, पाती दिसतील अशी.