‘अपेंडिक्स दिसले नाही’ : रिपोर्टातल्या एका ओळीची पार्श्वभूमी

सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘अपेंडिक्स दिसले नाही’ असे आले की नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात. काही सर्जन मात्र त्याच ओळीवर रुग्णाला टेबलावर घेतात. खरे तर ही ओळ दोघांच्याही बाजूची नाही. ती रिपोर्टात आली कशी, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

उजव्या बाजूच्या ओटीपोटातले दुखणे १८८६ पर्यंत सीकमच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीच्या, सुजेवर ढकलले जाई. त्या वर्षी बॉस्टनमधल्या एका विकृतिशास्त्रज्ञाने मूळ अपेंडिक्समध्ये असल्याचे मांडले, ‘अपेंडिसायटिस’ हे नाव दिले आणि लवकर शस्त्रक्रिया करा असेही सांगितले. (लंडनमध्ये १७३५ साली एका मुलाच्या हर्नियात सापडलेले, टाचणीने भोक पडलेले अपेंडिक्स काढले गेले होते, पण तो योगायोग, पद्धत नव्हे.) १८८९ मध्ये न्यूयॉर्कमधल्या सर्जनने कमरेच्या हाडाचे पुढचे टोक आणि बेंबी यांना जोडणाऱ्या रेषेवरचा दुखरा बिंदू सांगितला. हाडाकडून एक तृतीयांश अंतरावरचा हा बिंदू आजही बोटाने दाबून पाहतात. १९०२ मध्ये ब्रिटनच्या राजाचा राज्याभिषेक दोन दिवसांवर असताना त्याच्या पोटातला पू काढावा लागला. अपेंडिक्स आतच ठेवले होते, तरी शस्त्रक्रियेवरचा लोकांचा विश्वास वाढला तो तेव्हापासून.

त्यानंतरची ऐंशीएक वर्षे नियम एकच होता : शंका आली की काढून टाका. अँटिबायोटिक्स येण्याआधी फुटलेले अपेंडिक्स जीव घेई, त्यामुळे काढलेल्या शंभरांपैकी १५ ते २० निरोगी निघाले तरी ते चालवून घेत. तरुण स्त्रियांत हे प्रमाण आणखी जास्त असे, कारण बीजकोषाची गाठ किंवा बीजनलिकेचा संसर्ग त्याच जागी दुखतो. साध्या एक्स-रेचा उपयोग बेताचाच. एक्स-रेत दिसणारे बेरियमचे द्रावण देऊन अपेंडिक्स त्याने भरते का, हेही पाहिले जाई आणि भरले नाही तर आजार धरला जाई. निरोगी अपेंडिक्सही अनेकदा भरत नाही. ‘दिसले नाही’चा गोंधळ इथलाच, सोनोग्राफीच्या आधीचा.

१९८६ मध्ये, म्हणजे नाव पडल्यावर बरोबर शंभर वर्षांनी, एका डच रेडिओलॉजिस्टने दाब देत सोनोग्राफी करण्याची पद्धत दिली. रुग्णाने दुखरी जागा एका बोटाने दाखवायची. तिथे लिनिअर प्रोब (सोनोग्राफी मशीनचा सपाट तोंडाचा, त्वचेवर टेकवायचा भाग) ठेवून हळूहळू दाबत जायचे, म्हणजे आतड्यातला वायू बाजूला सरतो आणि पोटाच्या मागच्या बाजूचा सोआस स्नायू व पायाकडे जाणाऱ्या इलिअक रक्तवाहिन्या दिसू लागतात. एवढे खोल दिसले नसेल तर दाब अपुरा आहे. सीकम आणि लहान आतड्याचा शेवट ओळखून तिथून निघणारी नळी शोधायची. एका टोकाला बंद, हालचाल नसलेली, दाबली न जाणारी आणि बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ६ मिलिमीटरहून जाड नळी दिसली तर निदान बळकट होते. भोवतीची चरबी पांढरी पडलेली किंवा आत सावली टाकणारा खडा असेल तर आणखीच.

चुका ठरलेल्या जागी होतात. सीकमच्या मागे दडलेले अपेंडिक्स वायूच्या आड राहते. सूज फक्त टोकाला असेल आणि तपासणी बुडाशीच थांबली, तर ‘नॉर्मल’ लिहिले जाते. फुटल्यावर आतला दाब उतरतो, नळी दाबली जाऊ लागते, आणि सर्वांत आजारी रुग्णाचाच रिपोर्ट फसवतो. त्यामुळे ‘दिसले नाही’ आणि ‘पूर्ण दिसले, नॉर्मल आहे’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्यापुढे चरबीची सूज, द्रव, दाबल्यावरचे दुखणे होते की नव्हते हे लिहिलेले नसेल, तर त्या ओळीला फारशी किंमत नाही.

सीटीने, म्हणजे क्ष-किरणांनी शरीराचे आडवे काप दाखवणाऱ्या तपासणीने, हा प्रश्न बराचसा मिटवला. १९९८ मध्ये बॉस्टनच्याच १०० रुग्णांच्या अभ्यासात तिची अचूकता ९८ टक्के भरली. आक्षेप किरणांचा होता, विशेषतः तरुणांसाठी. २०१२ च्या कोरियन चाचणीत किरणांची मात्रा साधारण ८ ऐवजी २ मिलिसिव्हर्ट (किरणमात्रेचे एकक) ठेवूनही निरोगी अपेंडिक्स काढण्याचे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपासच राहिले.

दुर्बिणीतून अपेंडिक्स काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९८० मध्ये जर्मनीतल्या कील इथे एका स्त्रीरोगतज्ज्ञाने केली. सर्जन मंडळींनी तिला आधी कडाडून विरोध केला आणि पुढे तीच नेहमीची झाली.

आजचा खरा वाद मात्र शस्त्रक्रियेऐवजी अँटिबायोटिक्स द्यावीत का, हा आहे. फिनलंडच्या २०१५ च्या चाचणीत औषधावर ठेवलेल्यांपैकी २७ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन लागले, पाच वर्षांत ३९ टक्क्यांना. ‘बहुतेकांचे ऑपरेशन टळले’ ही बातमी पसरली. त्या सर्वांची आधी सीटी झाली होती आणि खडा असलेले वगळले होते, हे मागे पडले. २०२० च्या अमेरिकी चाचणीत खडेवालेही घेतले. ९० दिवसांत औषधगटातल्या २९ टक्क्यांवर शस्त्रक्रिया झाली, खडेवाल्यांत ४१ टक्क्यांवर. खडा आहे की नाही हे न पाहता गोळ्यांवर घरी पाठवणे म्हणजे परक्या चाचणीचा निकाल आपल्या रुग्णावर चिकटवणे होय.

आपल्याकडे सोनोग्राफी मशीन गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या नोंदणीत अडकलेले असते. महाराष्ट्राचा कायदा १९८८ चा, देशाचा १९९४ चा. कारण योग्यच, पण रात्री दोन वाजता सर्जनने स्वतःचे छोटे मशीन खाटेजवळ आणून प्रोब लावावा, हे त्यामुळे सोपे राहिलेले नाही. मग उरते ती बोटांची तपासणी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि लक्षणे व तपासण्यांवरून अपेंडिसायटिसची शक्यता ठरवणारी, १९८६ मध्येच आलेली दहा गुणांची मोजणी. तीत उजवीकडचा दुखरेपणा आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी यांना प्रत्येकी दोन गुण, बाकी सहा बाबींना एकेक. ५-६ गुणांवर अडकलेल्या रुग्णाला उपाशी ठेवून, नाडी आणि पोट काही तासांनी पुन्हा पाहून, सोनोग्राफी पुन्हा करतात. पहिल्या वेळी न दिसलेले अपेंडिक्स सूज वाढली की दुसऱ्या वेळी पुष्कळदा दिसते.