'कल्प्रिट': आरोपीचा गुन्हेगार कसा झाला?

आज 'कल्प्रिट' म्हटलं की गुन्हा केलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. इंग्लंडच्या फौजदारी कोर्टात मात्र ही हाक गुन्हा नाकबूल करणाऱ्यालाच मारली जाई.

१३६२ च्या कायद्याने तिथे तोंडी युक्तिवाद इंग्रजीत आणायचं ठरलं, तरी वकिलांची फ्रेंच सुटली नाही. दप्तरातून ती आणि लॅटिन कायमची हटायला १७३३ उजाडलं.

वाद आहे तो व्युत्पत्तीचा. प्रचलित मत असं: आरोपीने 'मी दोषी नाही' म्हटलं की कारकून राजाच्या वतीने फ्रेंचमध्ये ठरलेलं उत्तर देई, 'दोषी आहे, आणि ते सिद्ध करायला आम्ही तयार आहोत.' लिहिताना 'दोषी' या अर्थाच्या 'कल्पेबल'चं 'कल' उरलं, 'तयार' या अर्थाच्या 'प्रेस्त'चं 'प्रिट'. पुढच्या कारकुनांनी दोन्ही तुकडे सलग वाचले आणि ते आरोपीचं संबोधन समजले. आक्षेप असा की हा खुलासा छापील स्वरूपात १७०० नंतर दिसतो, आणि शब्द तर १६७८ च्या एका उमरावाच्या खूनखटल्यातच सापडतो. म्हणून काहींनी त्याचं मूळ लॅटिन 'कल्पातुस', म्हणजे दोष ठेवलेला, यात शोधलं. मला पहिलं मतच पटतं. 'कल्पातुस'मधून 'प्रि'मधला र कुठून येणार? शिवाय शब्द पहिल्यांदा दिसतो तो नेमका त्या ठरलेल्या उत्तराच्या जागी: नाकबुलीनंतर लगेच, 'कल्प्रिट, तुझा न्याय कसा व्हावा?'

हा प्रश्न नुसता उपचार नव्हता. सर्वसाधारण आरोपीने 'देव आणि माझा देश' असं उत्तर द्यायचं; देश म्हणजे ज्युरी. ते दिलं नाही तर खटला पुढे सरकत नसे, आणि गंभीर गुन्ह्याच्या आरोपीच्या छातीवर वजनं रचली जात. कित्येक त्यातच मेले. ही क्रूर प्रथा १७७२ मध्ये बंद झाली. १८२७ च्या कायद्याने नुसती नाकबुली ज्युरीपुढे जायला पुरेशी ठरवली, तेव्हा प्रश्नाचंही काम संपलं.

तोवर अर्थ फिरला होता. लॅटिन 'कल्पा' म्हणजे दोष. त्या साधर्म्याने अठराव्या शतकातच 'आरोपी'चा 'गुन्हेगार' झाला. कोशांत जुना अर्थ अजून मिळतो, पण वाचकाच्या मनात तो उरलेला नाही. म्हणून निकालाआधीच्या इंग्रजी बातमीत 'कल्प्रिट' लिहिणं त्या माणसावर अन्याय करणारं आहे. तिथे 'अक्यूज्ड' हाच शब्द हवा.