म्युझिकलचा संहितालेखक केवळ गाण्यांमधले संवाद लिहितो का?

"म्युझिकल म्हणजे गाणी, संहितालेखक मधली जागा संवादांनी भरून काढतो, एवढेच त्याचे काम," हा म्युझिकलविषयीचा, म्हणजे गाणी व संवाद यांतून गोष्ट सांगणाऱ्या पाश्चात्त्य धर्तीच्या संगीत नाटकाविषयीचा, समज जुना आहे आणि तो होणे स्वाभाविकही आहे, कारण प्रयोग संपल्यावर ओठांवर राहतात ती गाणीच.

प्रत्यक्षात कथानकाची बांधणी, पात्रांची घडण आणि प्रसंगांचा क्रम ही मुख्यतः संहितालेखकाची जबाबदारी असते. पात्राची भावना बोलण्यात मावेनाशी होते तो क्षण कोणता, म्हणजेच गाणे नेमके कोठे यावे, हे गीतकार व संगीतकार यांच्याबरोबर तोही ठरवतो. त्याने लिहिलेला उतारा पुष्कळदा गीताचा आधार ठरतो आणि मग संहितेतून नाहीसा होतो; त्यामुळे त्याचे उत्तम काम प्रेक्षकांना बहुधा दिसतच नाही, आणि हे मला खरोखर अन्यायकारक वाटते. १९५७ च्या 'वेस्ट साइड स्टोरी' या अमेरिकन म्युझिकलच्या अखेरीस नायिका मारिया हातात पिस्तूल घेऊन जे बोलते, त्याचे गाणे व्हायचे होते. चाल काही केल्या जमेना, तेव्हा संहितालेखकाचे शब्द बोलण्याच्या रूपातच ठेवले गेले.

पडताळा घेणे सोपे आहे. एखाद्या अनोळखी म्युझिकलची फक्त गाणी क्रमाने ऐकावीत, उमगलेली गोष्ट लिहून काढावी आणि मग छापील संहिता वाचावी. कोण कोणाचे काय लागते, कोणत्या निर्णयामुळे काय बिघडले, यांतले बरेचसे गाण्यांबाहेर घडलेले आढळेल. जवळपास संपूर्ण गायल्या जाणाऱ्या म्युझिकललाही प्रसंगरचना लागतेच. ती कोणी केली, हे श्रेयनामावलीत पाहावे.