सूतिकावस्थेतील बद्धकोष्ठता व जननक्षमतेचे पुनरागमन

प्रसूतीत वार पडल्यापासून साधारणतः सहा आठवड्यांच्या काळास सूतिकावस्था म्हणतात. या काळात गर्भाशय आकसते, वाढलेले रक्ताचे आकारमान कमी होते आणि गर्भारपणातील बहुतेक बदल ओसरतात. आतड्याची गती व अंडकोशाचे चक्र मात्र या सहा आठवड्यांची मर्यादा पाळत नाहीत. दोन्हींचे स्पष्टीकरण पूर्वी प्रोजेस्टेरॉन या एकाच हॉर्मोनाच्या आधारे दिले जाई, म्हणून त्यांचा विचार बहुधा एकत्र होतो. बद्धकोष्ठतेमुळे पाळी लांबते किंवा पाळी न आल्यामुळे मलावरोध होतो, या समजुतीला मात्र आधार नाही. दोन्ही लक्षणे एकाच मुळातून उद्भवतात असे काही अंतःस्रावी विकार आहेत. त्यांचा विचार शेवटी केला आहे.

बद्धकोष्ठता : व्याख्येपासूनच अडचण आहे. जठरांत्र विकारांसाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या रोम निकषांनुसार आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, कुंथावे लागणे, मल खड्यासारखा कठीण असणे, पोट साफ न झाल्याची भावना राहणे यांपैकी किमान दोन लक्षणे तीन महिने असावी लागतात व त्यांची सुरुवात सहा महिन्यांपूर्वी झालेली असावी लागते. नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला हा निकष लावताच येत नाही. त्यामुळे निरनिराळ्या पाहण्यांनी आपापल्या सोयीची व्याख्या घेतली असून त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकेतील २००७ च्या एका पाहणीत प्रसूतीनंतर तीन महिन्यांनी सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांना हा त्रास असल्याचे दिसले. गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहीतील प्रमाण त्याहून कमी होते, ही त्यातील लक्षणीय बाब.

प्रोजेस्टेरॉनमुळे अरेखित (अनैच्छिक) स्नायू शिथिल होतात व आतड्यातून मल सरकण्याची गती मंदावते, हे गर्भारपणातील स्पष्टीकरण ग्राह्य आहे. परंतु हे हॉर्मोन मुख्यतः वारेत तयार होते आणि वार पडल्यावर काही दिवसांतच त्याची रक्तातील पातळी कोसळते. प्रसूतीनंतर आठवडेच्या आठवडे टिकणाऱ्या मलावरोधाचा दोष त्याच्या माथी मारणे म्हणूनच पटत नाही. स्थानिक कारणे अधिक संभवनीय वाटतात. प्रसूतिवेणांच्या काळातील उपवास व पाण्याची कमतरता, वेदनाशामक म्हणून दिलेली अफूजन्य औषधे, लोहाच्या गोळ्या, अंथरुणावर पडून राहणे ही त्यांपैकी काही. याशिवाय श्रोणितळाच्या (ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या) स्नायूंवर व त्यांच्या तंत्रिकांवर (मज्जातंतूंवर) आलेला ताण, मूळव्याध आणि योनी व गुदद्वार यांमधील जागेवर घातलेले टाके हीही कारणे असतात. टाके उसवतील या धास्तीने बाळंतीण शौचाची भावना दाबून धरते. मोठ्या आतड्यात थांबलेल्या मलातील पाणी शोषले जाऊन तो अधिक कठीण होतो आणि पुढच्या वेळची वेदना वाढते. हे चक्र मोडण्यासाठी ‘घाबरू नका’ एवढा सल्ला पुरत नाही. मल मऊ करावा लागतो.

स्तनपान देणाऱ्या स्त्रीला दिवसाला सुमारे ७०० मिलि. जादा पाणी लागते, असे यूरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये धरले आहे. तहानेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने दूध वाढत नाही. पाणी कमी पडले तर मल मात्र लवकर कोरडा होतो. तंतुमय आहार, पाणी व हालचाल हा पहिला उपाय सर्वमान्य आहे. तो पुरेसा नसल्यास लॅक्ट्युलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल ही आतड्यात पाणी धरून ठेवणारी रेचके देतात. ती रक्तात जवळजवळ शोषली जात नाहीत, त्यामुळे स्तनपान चालू असताना चालतात.

या उपायांमागचा पुरावा मात्र विरळ आहे. वैद्यकीय चाचण्यांचा पुरावा संकलित करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या समीक्षकांना २०१४ मध्ये उपचारांविषयी निकषांत बसणारी एकही चाचणी मिळाली नव्हती. प्रतिबंधाविषयीच्या २०२० च्या समीक्षेत पाच चाचण्या होत्या. सोनामुखीने पहिले शौच लवकर होते असे त्यांत दिसले, पण पोटात मुरडा व जुलाब यांचे प्रमाणही वाढले. गुदसंकोचक स्नायू फाटून शिवावा लागला असेल तेथे चित्र अधिक स्पष्ट आहे. अशा स्त्रीला पूर्वी मुद्दाम मलावरोधक औषधे देत. डब्लिन येथील २००४ च्या चाचणीत रेचक दिलेल्या गटाचे पहिले शौच लवकर व कमी वेदनेने झाले, आणि जुनी पद्धत मागे पडली. ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनुसार अशा वेळी रेचकाबरोबर मलाचे आकारमान वाढवणारी द्रव्ये सरसकट देऊ नयेत. सिझेरियन शस्त्रक्रियेनंतर च्युइंगम चघळल्याने वायू सरण्यास सुमारे सात तास आधी सुरुवात होते, असे २०१६ च्या समीक्षेत आढळले; पुराव्याची प्रत हलकी असली तरी उपाय निरुपद्रवी आहे.

जननक्षमतेचे पुनरागमन : गर्भारपणात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांच्या उच्च पातळीमुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष (पिट्युइटरी) ग्रंथीतील अंडकोश-उद्दीपक हॉर्मोने दबलेली असतात. वार पडल्यावर हा दाब उठतो. स्तनपान न देणाऱ्या स्त्रियांत पहिले अंडमोचन (अंडकोशातून अंड बाहेर पडणे) सरासरी ४५ ते ९४ दिवसांनी होते, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेत दिसते. सर्वांत लवकर नोंदलेले अंडमोचन २५ व्या दिवसाचे आहे. गर्भनिरोधनाची गरज २१ व्या दिवसापासून धरण्याचे कारण हेच. पहिला ऋतुस्राव हा जननक्षमता परतल्याचा संकेत समजण्याची चूक सर्वत्र होते. अंडमोचन झाले असेल तर ते स्रावाच्या सुमारे दोन आठवडे आधी झालेले असते. म्हणजे पाळी न येताच पुन्हा गर्भधारणा होऊ शकते. उलट, पहिल्या स्रावापूर्वी अंडमोचन झालेच असेल असेही नाही. वरील समीक्षेतील अभ्यासांत ते २० ते ७१ टक्के स्त्रियांत झालेले होते. अंडमोचनानंतर अंडकोशात तयार होणारा व प्रोजेस्टेरॉन स्रवणारा पीतपिंडही पुष्कळदा दुबळा असतो.

स्तनपान चालू असताना हा काळ लांबतो, हे निरीक्षण फार जुने आहे. ॲरिस्टॉटलने त्याची नोंद केली असून दूध व ऋतुस्राव एकाच द्रव्यापासून होतात, म्हणून दोन्ही एका वेळी संभवत नाहीत, अशी उपपत्ती मांडली होती. आधुनिक वाद याच्या पुढचा आहे. पाळी थांबवणारा घटक कोणता, यावर एकमत नाही.

प्रोलॅक्टिन हे दूधनिर्मितीस चालना देणारे हॉर्मोन दीर्घकाळ पहिला संशयित होते. चोखण्याने त्याची पातळी वाढते, आणि पोष ग्रंथीच्या अर्बुदामुळे (गाठीमुळे) ते वाढले तरीही पाळी थांबते. परंतु प्रोलॅक्टिनची पातळी व अंडमोचनाचा दिवस यांचा मेळ वैयक्तिक पातळीवर नीट बसत नाही. एडिंबरो येथील मॅकनीली व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मते स्तनाग्राकडून जाणाऱ्या तंत्रिकासंदेशांमुळे मेंदूतील अधोथॅलॅमसमधील जननग्रंथी-उद्दीपक स्रावाची ठरावीक अंतराने येणारी स्पंदने विस्कळित होतात. त्यामुळे अंड ज्यात वाढते त्या पुटकाची वाढ सुरू झाली तरी ती पूर्ण होत नाही. प्रोलॅक्टिन मग मुख्य कर्त्याऐवजी सहप्रवासी ठरते.

चोखण्याचे कोणते अंग महत्त्वाचे, हाही वादाचा मुद्दा आहे. कॉनर व वर्थमन यांनी १९८० मध्ये कालाहारी वाळवंटातील कुंग स्त्रियांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यांची मुले तासाला अनेक वेळा, पण दर वेळी जेमतेम एक-दोन मिनिटे दूध पीत. गर्भनिरोधनाची साधने नसतानाही त्यांच्या दोन बाळंतपणांत साडेतीन वर्षांहून अधिक अंतर असे. यावरून चोखण्याची वारंवारता निर्णायक मानली गेली. दुसऱ्या पक्षाने आहाराकडे बोट दाखवले. गँबियातील केनेबा गावी मातांना पूरक आहार दिल्यावर दूध वाढले नाही, पण प्रोलॅक्टिन उतरले व पाळी लवकर सुरू झाली. ठरावीक प्रमाणात शरीरमेद असल्याशिवाय पाळी येत नाही, हे फ्रिश यांचे १९७४ मधील मत आता त्या मूळ रूपात फारसे कोणी धरत नाही.

या दोन्हींना जोडणारा दुवा अर्जेंटिनातील फोर्मोसा प्रांतात सापडला असे म्हणता येईल. तेथील टोबा स्त्रिया सुपोषित होत्या व मुलांना वारंवार पाजतही होत्या, तरी त्यांची पाळी सरासरी सुमारे १० महिन्यांत परतली. वारंवारतेचा सिद्धान्त येथे अपुरा पडतो. वाल्लेज्जा व एलिसन यांनी त्यांच्या लघवीतील सी-पेप्टाइड (इन्शुलिन तयार होताना सुटणारा अंश) मोजून इन्शुलिन-स्रावाचा अंदाज घेतला. पाळी परतण्यापूर्वीच्या काळात तो स्राव वाढत गेलेला दिसला. दूधनिर्मितीचा भार मातेच्या ऊर्जासंचयाच्या मानाने किती जड आहे यावर अंडकोशाच्या कार्याचा पुनरारंभ ठरतो, हे त्यांचे मत सध्या अधिक समाधानकारक वाटते. मात्र त्याने चोखण्याचा तंत्रिकामार्ग खोटा ठरत नाही.

व्यवहारात या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहिली गेली नाही. ऑगस्ट १९८८ मध्ये इटलीतील बेलाजो येथे जमलेल्या तज्ज्ञांनी तीन अटी ठरवल्या : पाळी आलेली नसावी, बाळ पूर्णतः किंवा जवळजवळ पूर्णतः अंगावर पीत असावे आणि ते सहा महिन्यांहून लहान असावे. तिन्ही अटी पाळल्यास गर्भधारणेपासून ९८ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळते. पहिल्या ५६ दिवसांतील रक्तस्राव पाळी म्हणून मोजत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सात केंद्रांतील अभ्यासात (१९९९) पहिल्या सहा महिन्यांतील गर्भधारणेचे प्रमाण ०·९ ते १·२ टक्के आढळले. एक अट मोडली की दुसरे साधन हवे. तांबी प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत किंवा चार आठवड्यांनंतर बसवतात. इस्ट्रोजेनयुक्त संयुक्त गोळ्या स्तनपान देणाऱ्या स्त्रीने पहिले सहा आठवडे घेऊ नयेत व सहा महिन्यांपर्यंत शक्यतो टाळाव्यात.

दोन्ही लक्षणे एकत्र आल्यास : पाळी आलेली नाही व मलावरोध नव्याने सुरू झाला आहे, अशा स्त्रीत प्रथम गर्भधारणेची चाचणी करतात; दोन्हींचे खापर स्तनपानावर फोडून ती राहून जाण्याचा संभव असतो. त्यानंतर अवटु (थायरॉइड) ग्रंथीचा विचार येतो. प्रसूत्युत्तर अवटुशोथात (प्रसूतीनंतर होणाऱ्या अवटु ग्रंथीच्या दाहात) प्रथम ग्रंथीचा अतिस्राव व नंतर, बहुधा चौथ्या ते आठव्या महिन्याच्या दरम्यान, अल्पस्राव होतो. त्या टप्प्यात मलावरोध, थकवा, थंडी सहन न होणे व पाळीतील अनियमितता ही लक्षणे दिसतात. मूल लहान असताना थकवा कोणालाही विशेष वाटत नाही, त्यामुळे निदान लांबते.

शीहान लक्षणसमूह विरळा, पण गंभीर आहे. प्रसूतीतील अतिरक्तस्रावाने पोष ग्रंथीचा अग्रखंड मृत होतो. दूध येत नाही, पाळी परतत नाही, आणि पुढे अवटूच्या अल्पस्रावामुळे मलावरोधही होतो. हॅरल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये त्याचे वर्णन केले. पोलंडमधील ग्लिन्स्की यांनी शवविच्छेदनात हा बदल त्याआधी, १९१३ मध्ये, नोंदला होता, तर सिमंड्स यांनी १९१४ मध्ये पोष ग्रंथीच्या नाशाचे अधिक व्यापक वर्णन केले. अग्रमान कोणाचा यावर मतभेद असले तरी रक्तस्रावाशी असलेला संबंध पद्धतशीरपणे मांडण्याचे श्रेय शीहान यांना देणे योग्य ठरते. उपचारात आधी कॉर्टिसोलची उणीव भरून काढतात व मगच अवटु हॉर्मोन देतात, कारण क्रम उलटल्यास कॉर्टिसोल स्रवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथीचे तीव्र संकट ओढवू शकते. अपत्य हवे असल्यास जननग्रंथी-उद्दीपक हॉर्मोनांची इंजेक्शने देऊन अंडमोचन घडवून आणता येते.